पिंजऱ्यातल्या तिलापियाला प्रोबायोटिक खाद्य: रोज, की ठरावीक दिवसच?

जाळीदार:
जलाशयातल्या जाळीच्या पिंजऱ्यात तिलापिया मासे वाढवताना प्रोबायोटिक, म्हणजे आतड्याला उपयोगी जिवाणू, पाण्यात ओतणे म्हणजे धरणाला दान. ते खाद्यातूनच द्यावे, आणि बोटुकली (बोटभर पिल्ले) सोडल्यापासून विक्रीपर्यंत रोज द्यावे, असे माझे ठाम मत. हे जिवाणू आतड्यात कायमचा मुक्काम करत नाहीत. देणे थांबले की ओसरतात.

कृती: ग्रॅमला २०० कोटी सीएफयूची (सीएफयू म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत जिवाणूंची मोजणी) बॅसिलस या जिवाणूची पावडर किलोभर खाद्याला ५ ग्रॅम, म्हणजे खाद्याच्या ग्रॅमला १ कोटी. ५० मिली क्लोरीन नसलेल्या पाण्यात १० ग्रॅम गूळ विरघळवून त्यात पावडर मिसळा, खाद्यावर फवारत खालीवर करा. दहा मिनिटांनी २० मिली मासळी तेल चोळा, नाहीतर खाद्याची गोळी पाण्यात पडताच बरीच पावडर धुऊन जाते. सावलीत अर्धा तास वाळवा. त्याच दिवशी संपवा. ओलसर खाद्य पोत्यात राहिले की बुरशी.

हिशेबनीस:
कृती बरोबर, "रोज" चूक. पावडर ७०० रुपये किलो धरली तर किलो खाद्यामागे साडेतीन रुपये, तेल-मजुरी वेगळी. खाद्य ५० रुपये किलो आणि एफसीआर (किलोभर मासा वाढायला लागणारे किलो खाद्य) १.६ असेल तर किलो माशामागे खाद्यखर्च ८० रुपये. नुसती पावडर वसूल व्हायलाच एफसीआर १.५ च्या खाली यायला हवा. कितीजणांचा येतो?

त्यापेक्षा पहिला महिना द्या. २० ग्रॅमच्या ४,००० बोटुकल्या म्हणजे ८० किलो वजन. ५ टक्क्यांनी रोज ४ किलो खाद्य, २० ग्रॅम पावडर, १४ रुपये. तोच पिंजरा २,००० किलोवर गेला की ३ टक्क्यांनीही रोजचे २१० रुपये.

जाळीदार:
तुम्ही फक्त एफसीआर मोजलात, मर विसरलात. ४,००० पैकी ५ टक्के मासे जास्त वाचले तर अर्ध्या किलोचे २०० मासे, १०० किलो. १२० रुपये भावाने १२,०००. पूर्ण हंगामाच्या ३,२०० किलो खाद्याची पावडर ११,२०० ची. झाली की वसुली!

हिशेबनीस:
मर कुठली, ते बघा. सुरुवातीची मर बहुतेक वाहतुकीतल्या खरचटण्याची. तो मासा दोन-चार रुपयांचा, १२० च्या भावाने कसा धरता? मोठे मासे मरतात ते उन्हाळ्यात, पाणी ३० अंशांवर गेले की स्ट्रेप्टोकॉकस या रोगजंतूने, किंवा पहाटे पाण्यातला प्राणवायू फार खाली उतरल्यावर. दोन्ही वेळी मासा खाणेच सोडतो. गोळी तरंगत राहिली तर तिच्यावरचे जिवाणू कुणाच्या पोटात जाणार? तिथे घनता कमी करा, जाळी घासा, खाद्य निम्मे करा.

आतडेवाले:
दोघेही "पावडर" म्हणताय, पण त्यात काय आहे? बॅसिलसचे बीजाणू (जिवाणूचे कवचबंद, सुप्त रूप) गोळी बनवतानाची कारखान्यातली उष्णता बऱ्यापैकी सोसतात. लॅक्टोबॅसिलस हा दुसरा जिवाणू नाही, तो गोळी बनल्यावरच चोळावा लागतो आणि थंड जागी ठेवावा लागतो. लेबलवर प्रजाती, सीएफयू आणि मुदत नसेल तर घेऊ नका. अँटिबायोटिक चालू असताना दोन्ही एकत्र देणे व्यर्थ. औषध संपल्यावर दोन आठवडे मात्र जरूर द्या, आतड्यातले चांगले जिवाणूही औषधाने कमी झालेले असतात.

आणि पिंपात गुळाच्या पाण्यात "वाढवून" देणारे पुष्कळ. उघड्या पिंपात २४ तासांनी काय वाढले, कुणी मोजले? फेस येणे हा पुरावा नव्हे.

जाळीदार:
पिंपाबद्दल सहमत. पण औषधानंतर द्यायचे, आधी नाही, हे उलटे वाटते. रोगजंतूंना जागा मिळू नये म्हणूनच तर रोज द्यायचे. एकाच तुकडीचे तीन पिंजरे प्रोबायोटिकवर, तीन त्याविना ठेवा, दर १५ दिवसांनी वजन घ्या, मर लिहून ठेवा.

हिशेबनीस:
ठेवा, पण प्रोबायोटिकविना ठेवलेल्या तीन पिंजऱ्यांच्या खाद्यालाही तेच गूळपाणी आणि तेच २० मिली तेल चोळा. किलोला २० मिली म्हणजे खाद्यातली चरबी जवळपास २ टक्क्यांनी वाढते. बऱ्याच ठिकाणी वाढीचे श्रेय जिवाणू घेतात आणि काम तेलाचे असते.