गाझावरचं मतदान: विरोधकांनी गप्प बसायचं?

मुक्ता
काल इथे एकाने लिहिलं की परराष्ट्र धोरणावर घरात भांडायचं नसतं, गाझाच्या मतदानावरून बोलणारे विरोधक देशालाच अडचणीत आणतात. वाचून राहवलं नाही. 27 ऑक्टोबर 2023ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गाझातली लढाई थांबवण्याच्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो. कारण दिलं, ठरावात हमासचा उल्लेख नाही. 12 डिसेंबरच्या ठरावातही तो नव्हता, तरी तिथे बाजूने मत दिलं. जून 2025ला परत तटस्थ, 149 देश बाजूने असताना. यातलं धोरण कुठलं, हे विचारणं म्हणजे द्रोह? शरद पवारांनी 2023च्या मतदानाआधीच पॅलेस्टाईनची बाजू मांडली, तर आसामचे मुख्यमंत्री म्हणाले, आता ते सुप्रियांना गाझात लढायला पाठवतील. हे उत्तर झालं?

केदार_पु
तटस्थ राहणं हेसुद्धा धोरणच असतं. 1968ला रशियन रणगाडे चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये घुसले, इंदिराबाई तटस्थ. 1980ला अफगाणिस्तानात घुसलेल्या रशियन फौजांचा प्रश्न, पुन्हा तटस्थ. तेव्हा ती मुत्सद्देगिरी आणि आता गोंधळ? मतपेढी सांभाळायची आहे, एवढं सरळ सांगा ना.

मुक्ता
मतपेढी हा शब्द आला की वाद संपला असं वाटतं तुम्हाला. 1968चं उदाहरण तुम्हीच काढलंत. त्याच प्रश्नावर अशोक मेहतांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं होतं. त्यांना कुणी ‘मग प्रागला लढायला जा’ असं सुनावलं नाही.

दर्यावर्दी
तुम्ही दोघं पुस्तकी बोलताय. माझे मामा 1990ला कुवेतमध्ये होते. ऑगस्टमध्ये इराकचा सद्दाम तिथे घुसला. आपले तेव्हाचे परराष्ट्रमंत्री गुजराल बगदादला जाऊन त्याला मिठी मारून आले म्हणून इथे सगळ्यांनी झोडपलं. पण त्यानंतर बसने बगदादमार्गे जॉर्डनमधलं अम्मान गाठता आलं आणि एअर इंडियाने पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं परत आणली. मामा हातात फक्त पासपोर्ट घेऊन उतरले. आजही आखातात 90 लाखांच्या घरात भारतीय आहेत. सरकार स्पष्ट बोललं तर त्यांची जबाबदारी मुक्ताताई घेणार का?

जयू
मिठीचं कौतुक पुरे. एका छोट्या देशाला गिळलं, त्याचा स्पष्ट निषेध करायला आपली जीभ रेटत नव्हती. आणि पुढचं का गाळलंत? जानेवारी 1991मध्ये चंद्रशेखर सरकारने अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू दिलं. एकीकडे सद्दामला मिठी, दुसरीकडे त्याच्यावर चालून जाणाऱ्यांना पेट्रोल! माझे वडील तेव्हा विमानतळावर नोकरीला होते. कोणाची विमानं हे सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायची सोय नव्हती. बातमी फुटली, राजीव गांधींनी लावून धरलं, तेव्हा फेब्रुवारीत ते बंद झालं.

दर्यावर्दी
राजीवना सरकार पाडायचं होतं, म्हणून इराक आठवला. मार्चमध्ये पाडलंच.

जयू
हेतू काहीही असो. विरोधक ओरडले म्हणूनच ते थांबलं ना? घरातल्या वडीलधाऱ्यांनी काय सोसलं ते तुमच्याकडेच नाही, आमच्याकडेही आहे.

दर्यावर्दी
सोसणं? मामा वाळवंटातल्या तंबूत झोपले होते, तुमचे वडील ड्युटी करून घरी जेवायला यायचे. बरोबरी करू नका.

केदार_पु
इंधनाच्या बाबतीत विरोधकांचा उपयोग झाला, हे नाइलाजाने मान्य. पण ती ठोस गोष्ट होती. मतदानाचं कारण दर वेळी चव्हाट्यावर सांगितलं तर समोरच्याशी बोलणी कशी करायची? इस्रायलने कारगिलच्या वेळी दारूगोळा दिला, तो काही जाहीर सभेत ठरला नव्हता.

मुक्ता
दर्यावर्दी, तुमच्या मामांसारख्यांसाठी सरकारने तोंड सांभाळावं, हे मी नाकारत नाही. बगदादशी काय बोलणं झालं ते उघड करा, असंही म्हणत नाही. केदार, बोलणी गुप्त ठेवा, पण मत तर जाहीर असतं ना? आमसभेच्या फलकावर साऱ्या जगाला दिसतं. मग त्याचं कारण फक्त आपल्या खासदारांपासून का लपवायचं? आणि गुप्ततेचं म्हणाल, तर डिसेंबर 2023ला लोकसभेत हमासवर बंदीच्या प्रश्नाला तेव्हाच्या परराष्ट्र राज्यमंत्री मीनाक्षी लेखींच्या नावाने उत्तर आलं, त्या म्हणाल्या मी सहीच केलेली नाही, मग खात्याने ते दुसरे राज्यमंत्री व्ही. मुरलीधरन यांच्या नावावर केलं. उत्तर कोणाचं हेच खात्याला धड सांगता येईना. याला मुत्सद्देगिरी म्हणायला मी तयार नाही.

केदार_पु
ती कारकुनी चूक होती.

मुक्ता
मग ऑक्टोबर आणि डिसेंबरच्या मध्ये काय बदललं, तेवढं तुम्ही सांगा. मी थांबते.