'प्रवेशिका' म्हणजे गाणं की तिकीट?

टिपकागद
मंडळी, अडलंय. युरोव्हिजनवरचा, म्हणजे युरोपातल्या देशांच्या त्या गाण्याच्या स्पर्धेवरचा, एक लेख मराठीत करतेय. त्यात २०१७ चं पोर्तुगालचं गाणं आहे, साल्व्हादोर सोब्रालचं 'अमार पेलुश दोइश', कीव्हला ७५८ गुण घेऊन पहिलं आलेलं. मुळात 'पोर्तुगालची एन्ट्री' आहे, मी 'पोर्तुगालची प्रवेशिका' लिहून मोकळी झाले. आईने वाचलं आणि विचारते, फुकट होत्या का गं प्रवेशिका? तिच्या डोक्यात नाट्यगृहाच्या खिडकीवर मिळतात त्या. तेव्हापासून मलाही तिकीटच दिसतंय. दुसरं काय लिहू?

कोथरूडकर काका
'प्रवेशिका पाठवण्याची अंतिम तारीख' हे आम्ही चाळीस वर्षं वाचतोय. निबंध, व्यंगचित्र, एकांकिका, सगळीकडे हाच शब्द. बिनधास्त वापरा. 'एन्ट्री' लिहिलंत तर हीरो मोटरसायकलवरून काच फोडून येतोय असं वाटेल.

मध्यमा नापास
काका, रुळलाय पण कागदाला. प्रवेशिका पोचते, उशिरा येते, टपालात गहाळ होते, ती कोणी गाऊन दाखवत नाही. आणि आमच्यासारख्यांना प्रवेशिका म्हटलं की गांधर्वची गाण्याची परीक्षाच, आधी प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण. मला वाटलं पोर्तुगाल आता मध्यमेला बसणार. बाकी १९६४ पासून स्पर्धेत आहेत आणि पहिला नंबर २०१७ ला, म्हणजे ५३ वर्षं, मला उगाच धीर आला.

आगाऊ कार्टं
'पोर्तुगालने उतरवलेलं गाणं' म्हणा की. पैलवान उतरवतात, उमेदवार उतरवतात, गाण्याने काय घोडं मारलंय

टिपकागद
लिहून पाहिलं. 'गाणं उतरवलं' म्हणजे एकतर ऐकून वहीत लिहून घेतलं नाहीतर चाल ढापली. लुइझा सोब्रालने, म्हणजे त्याच्या बहिणीनेच, लिहिलंय आणि चाल दिलीय, तिच्यावर कशाला आळ.

गोंयकार पुण्यात
ते राहू दे, गाण्याच्या नावाचं काय केलंत?

टिपकागद
'दोघांसाठी प्रेम'.

गोंयकार पुण्यात
तिथेच घोळ आहे. 'दोघांसाठी' म्हटलं की कोणीतरी दोघांवर प्रेम करतंय असं वाटतं. पोर्तुगीजमधल्या त्या 'पोर'मध्ये 'च्या बदली, च्या वतीने' असा अर्थ येतो. ती करत नसेल तर तिच्या वाटचंही मीच करतो, हे म्हणायचंय त्याला. आमचे आजोबा पोर्तुगीज शाळेत शिकलेले, ताटातली भाजी कोणी टाकली की 'पेलुश दोइश' म्हणून स्वतः खायचे, त्यामुळे मला हा अर्थ भाजीवरून पाठ आहे. 'दोघांच्या वाटचं' लिहा.

कोथरूडकर काका
वा! आणि 'पेलुश' म्हणजे आपलं 'पेलणं' नव्हे का? दोघांचं प्रेम पेलणं! चारशे-साडेचारशे वर्षं पोर्तुगीज इथे होते, देवाणघेवाण झालीच असणार.

गोंयकार पुण्यात
नाही हो काका. 'पोर' अधिक 'उश', आपल्या संधीसारखं जोडून 'पेलुश'. 'पेलणं' त्यांनी नेलेलं नाही आणि आपण आणलेलं नाही.

कोथरूडकर काका
इतके योगायोग नसतात.

मध्यमा नापास
व्युत्पत्ती खोटी असेल पण भाषांतर खरं वाटतंय मला. साल्व्हादोरचं हृदय तेव्हा निकामी होत आलं होतं, कीव्हला आधीच्या तालमींना त्याच्या जागी बहीण उभी राहिली, म्हणजे त्याच्या वाटच्या तालमी तिने केल्या, आणि जिंकल्यावर परत गायची वेळ आली तेव्हा तिला स्टेजवर बोलावून दोघांनी मिळून गायलं. डिसेंबरात त्याच्यावर हृदयरोपण झालं. आता बोला, 'वाटचं' की 'पेलणं'?

आगाऊ कार्टं
मला तर 'अमार' वाचून अमर वाटलं. अमर प्रेम टाइप्स

गोंयकार पुण्यात
अमार म्हणजे प्रेम करणं, क्रियापद आहे. जसं पगार. तिकडे 'पागार' म्हणजे पैसे देणं, चुकते करणं. आपण ते क्रियापद उचललं आणि त्याचं नाम करून एक तारखेला वाट बघत बसलो.

कोथरूडकर काका
म्हणूनच मी 'वेतन' म्हणतो.

मध्यमा नापास
पावभाजी खाऊन चावीने दार उघडून साबणाने हात धुता तेव्हा काय म्हणता काका? तिन्ही त्यांचेच आहेत.

कोथरूडकर काका
रुळलेल्याला माझी हरकत नाही. नवीन घुसवायला आहे. 'महापौर' शब्द आला तेव्हाही लोक हसलेच होते, आज मेयर म्हणणारा दाखवा.

मध्यमा नापास
'एन्ट्री' काय नवीन आहे? किराणा दुकानदार वहीत एन्ट्री मारतो, आमच्या सोसायटीचा वॉचमन मारतो. आणि क्रियापदाचं नाम आपणही करतोच की, देणं, येणं, लेणं. 'गाणं' तेच आहे, गाणं ही क्रिया पण आणि गाणं ही वस्तू पण. तेव्हा 'पोर्तुगालचं गाणं' इतकंच लिहा टिपकागदताई, कोणाला काय कळायचं राहणार आहे?

टिपकागद
राहतंय ना. पुढच्याच वाक्यात आहे की दर देशाला एकच एन्ट्री आणि ती तीन मिनिटांच्या आत. 'दर देशाला एकच गाणं' लिहिलं तर वाटतं त्या देशात दुसरं गाणंच नाही. आणि 'दर देशाला एकच प्रवेशिका, तीन मिनिटांच्या आत' वाचून आई म्हणाली, दारं लवकर बंद करतात वाटतं. सोमवारी द्यायचंय हो मला.

आगाऊ कार्टं
काकूंना लेख लिहायला द्या

कोथरूडकर काका
गोंयकार, पगाराआधी आपल्याकडे काय म्हणायचे मग? तनखा?

गोंयकार पुण्यात
तनखा फारसी आहे काका.