मदत हवी आहे: गावचा काकडा आणि शेजारच्या टॉवरची तक्रार. भोंगा सोडतो, पहाट कशी राखायची?

नमस्कार मंडळी,

जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवटच मिळेल.

आमचं गाव पुण्याच्या हद्दीवरचं. २०२१ साली जी २३ गावं महापालिकेत गेली, त्यातलं एक. नाव मुद्दाम देत नाही. प्रकरण मिटायचं आहे आणि दोन्हीकडची माणसं रोज समोर येतात.

गावठाणात विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे. कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर तिथे पहाटेचा काकडा असतो. आधी माझे आजोबा विणेकरी होते, आता अण्णा म्हणजे माझे वडील उभे राहतात. वय ७४. पावणेपाचला विणा गळ्यात घालतात आणि सव्वासहाला आरती होईपर्यंत खाली ठेवत नाहीत. भूपाळ्या, वासुदेव, आंधळे-पांगुळ, जोगी, गौळणी असा ठरलेला क्रम असतो. बाहेरच्याला सगळं एकच भजन वाटेल, पण आमच्याकडे शाळकरी पोरंसुद्धा नुसत्या चालीवरून सांगतात की आता कुठवर आलंय.

वेळ एवढ्या पहाटेचीच का, असं सोसायटीवाले विचारतात. देवाला जागं करायचं ते उजाडायच्या आत, हे एक कारण. दुसरं पोटापाण्याचं. पखवाज वाजवणारा पोरगा साडेसहाला नाक्यावर कंपनीची बस पकडतो. दोन टाळकऱ्यांचा दुधाचा रतीब आहे. काकडा सातला ठेवला तर देव जागा होईल, पण काकड्याला माणूस उरणार नाही.

देवळामागे ज्वारीची रानं होती, तिथे आता १४ मजल्यांच्या तीन इमारती झाल्या. लोक राहायला येऊन दोन वर्षं झाली. पहिल्या वर्षी कुरबूर झाली, यंदा आठव्या दिवशी कुणीतरी ११२ ला फोन लावला. दोन पोलीस आले. वाईट वागले नाहीत, चपला काढून आरती होईपर्यंत बाहेर थांबले आणि मग भोंग्याचं मशीन बंद करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांना आणि अण्णांना ठाण्यात बोलावून कलम १६८ ची नोटीस दिली, म्हणजे पुन्हा असं करू नका अशी लेखी ताकीद (पूर्वी १४९ ची म्हणायचे तीच). अण्णा जन्मात पहिल्यांदा पोलीस ठाण्याची पायरी चढले. घरी आल्यावर जेवले नाहीत. म्हणाले, "पांडुरंगाचं नाव घेतल्याबद्दल सही करून आलोय." तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

इकडे गावातली पोरं पेटली आहेत. "आम्ही आधीचे, ते उपरे, ज्यांना त्रास होतो त्यांनी फ्लॅट विकावा." दोघं तर मोठे स्पीकर भाड्याने आणायला निघाले होते, कसंबसं थांबवलं. तिकडे सोसायटीच्या ग्रुपवर गावाबद्दल जे लिहिलं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता मूळ गोष्ट. सोसायटीतली एक मुलगी मला भाजीच्या गाडीपाशी भेटते. नर्स आहे, पाळीची ड्युटी, सात महिन्यांचं बाळ. ती म्हणाली, "ताई, एकदा वर येऊन ऐका. मग सांगा मी चुकते का." मी गेले. अकरावा मजला, पहाटेचे पावणेपाच, मी गॅलरीत उभी. (पोलीस येण्याच्या दोन दिवस आधीची ही गोष्ट. फोन तिने केलेला नाही, ते मला पक्कं माहीत आहे.)

खाली देवळात पखवाजाचा घुमारा छातीत लागतो, पंचवीस-तीस गळे एकमेकांत मिसळतात, दगडी भिंतींवरून आवाज परत येतो. वर त्यातलं काहीच पोचत नव्हतं. टाळांचा नुसता खणखणाट, मधेच मशीनची शिट्टी, आणि अण्णांचा आवाज चिरका, फाटलेला, शब्द न कळणारा. लहानपणी पांघरुणात पडून मी जो आवाज ऐकला, त्यातला खर्ज त्या कर्ण्याने पार खाऊन टाकला होता. शिखराखालच्या दोन कर्ण्यांपैकी एक थेट त्यांच्या बेडरूमकडे तोंड करून आहे. खिडकीच्या फटीत तिने उश्या कोंबल्या होत्या. बाळ दचकून उठलं, ती त्याला खांद्यावर घेऊन माझ्याशेजारी उभी राहिली. एक शब्द बोलली नाही.

मंडळी, मला रडू आलं. ती चुकत नव्हती. आणि जे तिच्या कानावर पडत होतं तो आमचा काकडाही नव्हता.

अण्णांना तसंच्या तसं सांगितलं. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "कर्णे तू चौथीत असताना आले. त्याआधी आम्ही टाळ घेऊन आळीआळीने हिंडायचो, लोकांना उठवायला." म्हणजे परंपरा काकड्याची आहे, भोंग्याची नाही. कर्णे उतरवायला अण्णा तयार आहेत, मंडळातले निम्मेही तयार आहेत. पहाट सोडायला मात्र कुणीच तयार नाही, मीही नाही.

मग मी नियम वाचायला बसले आणि तिथे अडकले. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. भोंग्याचं कळलं, ६ च्या आत नाहीच. पण त्याच नियमात वाद्यांचाही उल्लेख आहे, सूट फक्त बंदिस्त जागेला. आमचा सभामंडप तीन बाजूंनी उघडा आहे.

कृपया जाणकारांनी सांगा: भोंगा नसला तरी पखवाज-टाळ पहाटे पाचला चालत नाहीत का? मंडपाला काचा किंवा शटर लावले तर तो बंदिस्त धरतात का? नवरात्रात बारापर्यंत परवानगी मिळते तशी काकड्याला मिळेल का? आणि सोसायटीशी बोलायला बसायचं तर सुरुवात कशी करावी? काकड्याचे अजून १२ दिवस आहेत.

प्रतिसाद १

ताई, वकिली करतो म्हणून स्पष्ट लिहितो. नवरात्राची सूट विसरा. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सवलत देऊ शकतं, पण ती रात्री १० ते १२ या दोन तासांची. पहाटेला तिचा काही उपयोग नाही.

वाद्यांबद्दल तुमचं वाचन बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालातही रात्री १० ते ६ ढोल किंवा कुठलंही वाद्य वाजवू नये असंच आहे, अपवाद सार्वजनिक आणीबाणीचा. आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितलं आहे की भोंगा हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. त्यामुळे परंपरेच्या नावावर भोंग्यासाठी लढू नका, हराल.

"आम्ही आधीचे" हा मुद्दाही कोर्टात टिकेलच असं नाही. इंग्लंडमध्ये १८७९ साली असाच एक खटला झाला. एक मिठाईवाला वर्षानुवर्षं खलबत्ते कुटत होता, शेजारच्या डॉक्टरने मागाहून तिथेच तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला.

काचांचं म्हणाल तर नुसत्या काचा लावून मंडप बंदिस्त ठरेल याची खात्री मी देणार नाही. पण एक लक्षात घ्या: वाद्याविना, भोंग्याविना माणसाने गळ्यातून म्हटलेला अभंग वाद्यांच्या या नियमात येत नाही. ६ च्या आत नुसता गळा ठेवा आणि ६ ला पखवाज उघडा. पुण्यात या दिवसांत सूर्योदय साडेसहाच्या आसपास असतो. म्हणजे ६ ला टाळ वाजले तरी उजाडायच्या आतच वाजले.

प्रतिसाद २

साऊंडचं काम करतो. कर्ण्याची रचनाच अशी असते की मधल्या पट्टीचा आवाज समोर लांब फेकायचा. खर्ज त्याला जमत नाही, म्हणून वर तुम्हाला नुसता खणखणाट ऐकू आला. वरच्या मजल्यावर जास्त त्रास होतो, कारण मधे ना भिंत ना झाड.

उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. समजा टाळ-पखवाज मिळून एका मीटरवर ९० आहे. इमारत ६४ मीटरवर असेल तर तिथे ५४ च्या आसपास पोचेल. भोंग्याच्या मानाने खूप कमी, तरी ४५ च्या वर. तेव्हा टॉवरकडची बाजू आधी बंद करा. पातळ पत्रा नको, तो वाजतो. जाड काच किंवा भिंत, आणि आतल्या बाजूला जाड सतरंज्या. टाळकऱ्यांना त्या बाजूला पाठ करून उभं करा. फोनवरच्या ॲपचे आकडे भांडणात काढू नका, ते धरत नाहीत. आधी आणि नंतर यातला फरक बघायला मात्र चालतात.

प्रतिसाद ३

मी अशाच एका टॉवरमध्ये राहतो, दुसऱ्या गावात. आम्हीही तक्रार केली होती. खरं सांगू? देवळात पहाटे नेमकं काय चालतं, किती दिवस चालतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर असंच चालणार असं वाटून घाबरून तक्रार केली. बिल्डरने बागेचं चित्र दाखवलं, देवळाचं नाव काढलं नाही. कोजागिरीच्या आधी आठ दिवस एक साधा कागद लिफ्टजवळ लावा: कधीपासून कधीपर्यंत, किती वाजता, आणि कुणाला आजारपण किंवा लहान बाळ असेल तर कुणाला फोन करायचा. बैठकीला पन्नास माणसं घेऊन जाऊ नका. अण्णांना न्या आणि त्या नर्सताईला बोलवा.

प्रतिसाद ४

एवढं वाकायची गरज नाही. आज काकडा, उद्या पालखी, परवा म्हणतील कोंबडा पाळू नका.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद ४, तुमची भीती मलाही आहे, म्हणूनच हा धागा काढला. पण अकराव्या मजल्यावर उभं राहून आल्यावर मला "वाकणं" हा शब्द वापरता येत नाही.

काय झालं ते सांगते. कर्णे परवा उतरवले. ज्याने चढवले होते त्याच इलेक्ट्रिशियनने, आणि पैसे घेतले नाहीत. काल पहाटे पहिल्यांदा पावणेपाच ते सहा नुसत्या गळ्यावर म्हटलं. जड गेलं. टाळ नसल्यावर लय धरवत नाही, दोनदा ध्रुपद चुकलं, म्हातारी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मग अण्णांनी उजव्या हाताने मांडीवर ठेका धरला आणि सगळे सावरले. सहाच्या ठोक्याला पखवाजावर थाप पडली तेव्हा अंगावर काटा आला. पण वाजवणाऱ्याला सहा वीसला निघावंच लागतं. वर्षभर ज्याची वाट बघतो, त्यातली त्याच्या वाट्याला आता वीस मिनिटं. त्याचा चेहरा बघवत नव्हता. पुढच्या वर्षासाठी दुसरं कुणी तयार करायला हवं, वासुदेव-गौळणीचा क्रमही मागेपुढे करता येतो का ते अण्णा बघताहेत.

विणा बंद ठेवायची का, यावर मंडळात वाद झाला. विणा खाली ठेवायला अण्णा तयार नाहीत. गळ्यात आहे, तारेला बोट लावत नाहीत.

सोसायटीशी बैठक झाली. सात जण आले, त्यात नर्स होती. तीन घरांचं म्हणणं आहे की पहाटे नुसत्या गळ्यावरचं भजनसुद्धा नको, त्यांनी तक्रार मागे घेतलेली नाही. बाकीच्यांना महिनाभरच असतं हे खरंच माहीत नव्हतं. लिफ्टजवळचा कागद मी लिहून दिला आहे. टॉवरकडच्या बाजूच्या काचेचं कोटेशन मागवलं आहे. आल्यावर प्रतिसाद २ यांना जाडी विचारीन.

अजून एक अडचण आहे, जाणकारांनी सांगावं. समाप्तीला त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी दिंडी निघते, गावठाणातून टॉवरच्या फाटकासमोरून वळून परत देवळात. सुटायची वेळ आता साडेसहा ठरवली आहे. रस्ता महापालिकेचा आहे. परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यातच द्यायचा की वाहतूक शाखेकडेही? आणि अर्जावर सही अण्णांची हवी की अध्यक्षांची चालेल? अण्णांना पुन्हा त्या ठाण्यात न्यायचं नाही मला.