सोसायटीच्या हॉलमध्ये चित्रं लावायची आहेत, सुचवा

कोथरूडकर: आमचा हॉल बारसं-डोहाळजेवण सोडलं तर रिकामाच असतो, तिथे आसपासच्यांची चित्रं, गोधड्या मांडाव्यात असं डोक्यात आहे पण प्रदर्शन म्हटलं की लोक बिचकतात, आत शिरतच नाहीत. काय करू?

तळकोकणी: मग प्रदर्शन म्हणूच नका ना. आमच्याकडे कुडाळजवळ पिंगुळीचे ठाकर समाजाचे लोक चित्रकथी देवळात करायचे, लोक देवीला आलेले असायचे, तिथेच एकेक चित्र समोर धरून गोष्ट सांगायची, तिकीट नाही काही नाही. २०२१ ला परशुराम गंगावणेंना पद्मश्री मिळाली ती ह्याच कलेसाठी. कोजागिरीला किंवा हळदीकुंकवाला मांडा, लोक येतातच.

लोकलवाला: २०१७ ला मुंबईत ससून डॉकवर, मासळीच्या बंदरात, असंच केलेलं, कोळी लोकांचेच मोठ्ठे फोटो भिंतीवर. वास भयंकर होता पण गर्दी बघायची होती!

डहाणूची: वारली लग्नचौक, म्हणजे लग्नातलं चौकोनी चित्र, तर घरातल्या भिंतीवरच काढतात, तांदळाच्या पिठाने, सवाशिणी मिळून. गोधड्यांना हात लावू द्या बरं का.

कोथरूडकर: कोजागिरी पक्की. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही...

तळकोकणी: मग पार्किंगमध्ये घ्या की, दोरी बांधा आणि लटकवा, आज्ज्यांना दिसेल एवढं खाली.