मदत हवी आहे: मेन कून बोक्याचा विमा, जनुक चाचणी आणि 'आधीपासूनचा आजार'

मेन कून बोका, वय १४ महिने, नसबंदी आणि मायक्रोचिप झालेली, लसी वेळेवर, घरातच असतो. विमा अजून काढलेला नाही.

अडचण अशी. एमवायबीपीसी३ जनुकातल्या ए३१पी बदलाच्या चाचणीत एक प्रत सदोष निघाली. म्हणजे एचसीएमचा, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा, धोका वाढलेला आहे. आजार झालेला नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल, मर्मर (ठोक्यातला जादा आवाज) नाही. पण अर्जात 'लक्षणे, निदान किंवा असामान्य तपासणी-निकाल' असे तीन शब्दप्रयोग एकाच ओळीत आहेत, आणि घोडं तिथेच अडलंय: जनुक चाचणी 'असामान्य निकाल' धरली, तर एचसीएम 'आधीपासूनचा आजार' म्हणून विम्यातून वगळला जाऊ शकतो.

दोन पॉलिसी समोर आहेत. पहिली आनुवंशिक आजार धरते, पण एका आजाराला १२ महिनेच. एचसीएमच्या गोळ्या आणि इको आयुष्यभर चालतात, त्यामुळे ती जवळजवळ बाद. दुसरीत खर्चाची मर्यादा दरवर्षी नव्याने मिळते, मात्र आठव्या वर्षापासून २० टक्के खर्च आपला.

दोन्हीकडे विचारून झालं. फोनवर 'चालेल' म्हणाले, लेखी द्यायला तयार नाहीत. चाचणी लपवायची नाही. क्लेमच्या वेळी डॉक्टरांची पूर्ण नोंदवही मागतात. विम्याऐवजी दरमहा पैसे बाजूला टाका, हे कृपया नको: बोक्याची लघवी पहिल्याच वर्षी तुंबली तर तोवर साठणार किती?

जनुक चाचणीत सदोष प्रत निघाली पण इको नॉर्मल असताना कोणाचा हृदयाचा क्लेम मंजूर झाला आहे का? आणि विमा घेण्याआधी कंपनीकडून वगळलेल्या आजारांची यादी लेखी मिळवताना नेमकं काय मागितलं?