समुद्रातली कॅन्सरची औषधं: खजिना की नुसता गाजावाजा?

दर्यावर्दी: मावशीच्या ल्युकेमियाच्या केमोत सायटाराबिन होतं. त्याचं मूळ शोधत गेलो तर पोचलो फ्लोरिडाजवळच्या एका स्पंजापाशी! १९५०च्या सुमारास बर्गमन आणि फीनी यांनी त्यातून जगावेगळे न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या विटांसारखे रेणू) काढले. त्यांतली साखर अरॅबिनोज. अशा साखरेची वीट पेशी आपली समजून डीएनएत बसवते आणि पुढचं बांधकाम अडतं. सायटाराबिनला १९६९ला अमेरिकेत मंजुरी, आजही वापरात. स्पंजाला ना दात, ना पळायला पाय. त्याची सगळी भिस्त रसायनांवर. गोव्यात दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, अशा ठिकाणी या शोधावर सढळ हाताने पैसा लावावा असं माझं मत.

शंकासुर: अहो, सायटाराबिन त्या स्पंजातून काढलेलंच नाही! नमुना स्पंजाचा, औषध प्रयोगशाळेतलं. बाकी 'शेवाळाच्या अर्काने कॅन्सरच्या पेशी मेल्या' हे वाचून कान किटले. काचेच्या बशीत पेशी ब्लीचनेही मरतात. समुद्री जीवातूनच मिळालेल्या ब्रायोस्टॅटिनचं काय झालं? कर्करुग्णांवरच्या चाचण्यांत फुसका बार.

खाडीकाठ: पहिलं वाक्य मान्य, पण ते तुमच्यावरच उलटतं. ट्रॅबेक्टेडिन बघा, सार्कोमावरचं (स्नायू, चरबी अशा ऊतींचा कॅन्सर). एका ग्रॅमसाठी जवळपास टनभर सी-स्क्वर्ट लागायचे (खडकाला, खारफुटीच्या मुळांना चिकटलेले पिशवीसारखे जीव). आता एका जिवाणूकडून कच्चा रेणू घेतात आणि उरलेलं काम रसायनशाळेत करतात. समुद्राला ओरखडाही नाही. म्हणजे नमुना मिळाला की पुरे.

शंकासुर: आणि एरिब्युलिन? जपानी स्पंजातला हॅलिकॉन्ड्रिन बी नावाचा रेणू घेतला, जवळपास निम्मा रेणू छाटला, तेव्हा कुठे २०१०ला स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजुरी. मूळ रेणू सापडला १९८०च्या दशकात. पंचवीस वर्षं बिचाऱ्या केमिस्टांनी घासली, श्रेय मात्र समुद्राला!

खाडीकाठ: छाटायला आधी हातात काही हवं ना? इतका किचकट रेणू कागदावर कुणाला सुचला असता?

नुसतीवाचक: तुमचं चालू द्या. आमच्या सोसायटीत एकाने सासऱ्यांसाठी शार्कच्या कूर्चेच्या कॅप्सूल आणल्यात, 'शार्कला कॅन्सर होत नाही' म्हणून.

शंकासुर: होतो की! शार्कच्या गाठींच्या नोंदी आहेत. कूर्चेच्या चाचण्याही झाल्या, फायदा दिसला नाही.

दर्यावर्दी: इथे मी शंकासुरांच्या बाजूने. ताई, केमो चालू असेल तर त्या डबीचं आधी ऑन्कोलॉजिस्टना सांगायला लावा. संस्थेच्या पैशांवर मात्र मी अडून आहे.