मदत हवी आहे: बीएमडब्ल्यू एम३ (ई४६) ला पुढे २२५ ऐवजी २४५ मिमी रुंदीचे टायर टाकावेत का?

नमस्कार मंडळी,

मी श्टुटगार्टजवळ राहतो. मागच्या एप्रिलमध्ये २००४ सालची एम३ घेतली, ई४६ (त्या पिढीच्या गाडीचं कंपनीतलं नाव), सहा गियरची मॅन्युअल. पुण्यात शिकत असताना हॉस्टेलच्या खोलीत याच गाडीचं पोस्टर लावलं होतं, त्यामुळे तिच्या बाबतीत घाईत काही चुकीचं करायचं नाही. म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.

गाडी ट्रॅकवर नेत नाही आणि नेणारही नाही. आठवड्यातून दोनदा ऑफिस, आणि रविवारी सकाळी श्वेबिश आल्बचे घाट किंवा ब्लॅक फॉरेस्टमधला बी ५०० हा रस्ता, बाडेन-बाडेन ते फ्रॉयडेनश्टाट. मागच्या सीटवर बऱ्याचदा आठ वर्षांची मुलगी असते. हिवाळ्यात गाडी झाकून ठेवतो.

इंजिनाबद्दल काहीच म्हणणं नाही. ३२४६ सीसीचे ते सरळ सहा सिलिंडर ७९०० आरपीएमला ३४३ अश्वशक्ती देतात आणि त्यांचा आवाज ऐकून दिवस चांगला जातो. अडचण पुढच्या चाकांची आहे. वळणात शिरताना स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच आत येत नाही. आणखी थोडं फिरवावं लागतं, मग टायर कण्हायला लागतात आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे सरकते. वेग मर्यादेतच असतो. दोन आठवड्यांपूर्वी पावसात एका राउंडअबाउटवर नाक सरळच निघालं, ब्रेक न दाबता अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला तेव्हा कुठे वळलं. मुलगी सोबत होती. त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

गाडीवर कंपनीचीच १८ इंची चाकं आहेत. पुढे ८ इंच रुंद रिम, ऑफसेट (चाक बसायची जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाजूला) ४७, त्यावर २२५/४५, म्हणजे २२५ मिमी रुंद आणि भिंतीची उंची रुंदीच्या ४५ टक्के. मागे ९ इंच, ऑफसेट २६, त्यावर २५५/४०. पुढे आणि मागे ३० मिलिमीटरचा फरक, त्यामुळे पुढची पकड आधी सुटणारच, असं माझं मत झालंय. म्हणून पुढे २४५/४० टाकायचा विचार आहे.

थोडं गणित केलं, चुकत असेन तर सांगा. २२५/४५ आर १८ चा पूर्ण व्यास सुमारे ६६० मिमी येतो आणि मागच्या २५५/४० चा ६६१. म्हणजे कंपनीने दोन्ही जवळजवळ सारखे ठेवलेत. पुढे २४५/४० लावला तर ६५३, फरक सव्वा टक्क्याच्या आत. २३५/४० स्वस्त मिळतोय, पण तो ६४५ वर येतो, म्हणजे जवळपास अडीच टक्के लहान. चारही चाकांच्या वेगाची तुलना करून डीएससी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) निर्णय घेते, तिला हा फरक घसरण वाटू शकतो, म्हणून तो पर्याय मी सोडला.

आता माझे प्रश्न. टायर कंपन्यांच्या तक्त्यांत २४५/४० साठी ८ ते साडेनऊ इंच रिम चालते असं दिसतं, पण माझी रिम त्या पट्ट्याच्या अगदी खालच्या टोकाला आहे. अशा रिमवर टायरची भिंत फुगून स्टिअरिंग उलट ढिलं वाटेल का? आतल्या बाजूला शॉकअॅब्जॉर्बरच्या नळीपर्यंत जागा आधीच कमी आहे, तिथे घासेल का? की साडेआठ इंची रिम घेऊनच हे करावं? कोणी पावसात चालवलं असेल तर तोही अनुभव हवाय. हवेचा दाब दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवतो, टायरची नक्षी पुढे ५ मिमी शिल्लक आहे.

— आल्बचा_वाटसरू

*

चक्रधर:

वाटसरू, गणित बरोबर आहे. पण निदान मला पटत नाही. नवी असताना ही गाडी याच मापांवर विकली जायची आणि तिचं नाक राउंडअबाउटवर असं सुटत नव्हतं. पुढून आधी घसरणं हे कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं, कारण घाबरलेला माणूस पाय उचलतो आणि तेवढ्याने गाडी सावरते. तुमचंही तेच झालं. पुढे रुंद टायर लावला की तो तोल मागे सरकतो. मग पावसात पाय उचलल्यावर मागचं टोक आधी निघायची शक्यता वाढते. घाटात, लेक मागे बसलेली असताना, हे तुम्हाला नकोय.

तुम्ही नक्षी मोजलीत, टायरचं वय पाहिलंत का? भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. या गाडीचे मागचे टायर लवकर झिजतात म्हणून लोक ते बदलत राहतात, आणि पुढचे नक्षी दिसते म्हणून वर्षानुवर्षं तसेच फिरतात. रबर कडक झालं की पाच काय, सहा मिमी असली तरी ओल्या रस्त्यावर ते धरत नाही.

दुसरं, पुढच्या कंट्रोल आर्मचे (चाक जागेवर धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी सांधे. ई४६ मध्ये ते जातातच. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं का? आणि अलाइनमेंटचा (चाकांच्या कोनांच्या मोजणीचा) कागद असेल तर इथे आकडे टाका. पुढे ऋण कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असणं) कमी असेल तर वळणात टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो, आणि मग २२५ ची पूर्ण रुंदीसुद्धा वापरात येत नाही. तिथे २४५ टाकून काय मिळणार?

*

घाटमाथा:

मी तीन वर्षं याच गाडीवर २४५/४० वापरले, साडेआठ इंची रिमवर, ऑफसेट ४०. ८ इंचीवर आधी लावून पाहिले होते. बसले, पण स्टिअरिंग फिरवल्यावर आधी भिंत वाकायची आणि मग गाडी वळायची. पंधरा दिवसांत काढले. साडेआठ आणि ऑफसेट ४० मध्ये रिमची आतली कड कंपनीच्या चाकाइतकीच राहते, बाहेरची सुमारे १३ मिमी पुढे येते. शिवाय टायर रुंद आहेच. मडगार्डची कड थोडी वळवून घ्यावी लागली.

कोरड्या रस्त्यावर मजा आली, ते नाकारत नाही. पण ऑटोबानच्या उजव्या लेनमध्ये ट्रकांनी पाडलेल्या चरांत गाडी स्टिअरिंग हातातून ओढायची, आणि मुसळधार पावसात १०० च्या पुढे पाण्यावर तरंगल्यासारखं व्हायचं. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि रस्त्याला टेकणारा ठसा रुंद होतो तसा आखूडही होतो. ट्रॅकवर जाणाऱ्याला मी आजही हेच सुचवेन. तुम्हाला नाही. २००३ च्या सीएसएलमध्येसुद्धा (याच एम३ ची हलकी, जास्त वेगवान आवृत्ती) कंपनीने पुढे फक्त २३५ पर्यंत मजल मारली, तीही साडेआठ इंची रिम देऊन.

आणि ट्यूफचं (जर्मनीतल्या गाडी तपासणीचं) विसरू नका. गाडीच्या सीओसी कागदावर (कंपनीच्या मान्यता प्रमाणपत्रावर) नसलेलं माप लावायचं तर तपासणी करून नोंद करून घ्यावी लागते. नाहीतर बेट्रीब्सएर्लाउबनिस, म्हणजे रस्त्यावर चालवायची मान्यताच रद्द होऊ शकते आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. रिमसोबत टाइलेगुटआख्टन (सुट्या भागाचा तपासणी अहवाल) मिळतंय का, हे विकत घ्यायच्या आधी पाहा.

*

आल्बचा_वाटसरू:

चक्रधर, घाटमाथा, दोघांचे मनापासून आभार. काल गाडी लिफ्टवर घेतली.

पुढचे टायर ३५१७. म्हणजे २०१७ चा ऑगस्ट. मागचे १२२३. घेताना मी नक्षी पाहिली, ब्रँड पाहिला, हे चार आकडे पाहिलेच नाहीत. पुढचं रबर नखाने दाबलं तर दबतसुद्धा नाही. डाव्या कंट्रोल आर्मचा बुश फाटलाय. ब्रेक मारताना थरथर होती, मी ती डिस्कची समजत होतो. अलाइनमेंटमध्ये कॅम्बर: पुढे डावीकडे उणे ०° ४०', उजवीकडे उणे १° ०५'.

म्हणजे ज्याला मी मापाचा दोष समजत होतो तो त्यात नव्हताच. २४५ चा विचार सोडला. दोन्ही बुश बदलायला टाकलेत, त्यानंतर अलाइनमेंट. मेकॅनिक म्हणतो, शॉकअॅब्जॉर्बरच्या वरच्या माउंटची पिन काढून तो आत सरकवला की थोडा ऋण कॅम्बर आणखी मिळेल आणि दोन्ही बाजू सारख्या करता येतील.

एकच शंका राहिली. मागचे टायर २०२३ चे आहेत, तर पुढे त्याच मॉडेलचे नवे दोन २२५/४५ घेतले तर भागेल का?

*

चक्रधर:

मागे नक्षी किती आहे त्यावर ठरेल. पुढे कोरे आणि मागे झिजलेले अशी जोडी पावसात वाईट, मागचं आधी सुटतं. मागे सगळीकडे ५ मिमी असेल तर दोन घ्या. ३ च्या आसपास असेल तर चारही. आतल्या कडेला मोजा. या गाडीला मागे कॅम्बर जास्त असतो, तिथे झिजलेलं बाहेरून उभं राहून दिसत नाही.

*

आल्बचा_वाटसरू:

मोजलं. बाहेर साडेचार, आतल्या कडेला २.८. चारही मागवले, एकाच मॉडेलचे, पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४०. शनिवारी बसवतोय. पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवेन, आणि पाऊस येईल तेव्हा त्याच राउंडअबाउटवर एकटा जाऊन येईन. काय झालं ते इथेच लिहितो.